कडक उन्हात सौरपंपाची धार बारीक का होते?

एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, मग सौरपंपाने पाणीही भरपूर द्यावे. पण ऐन दुपारी, उसाला गरज असतानाच, धार अपेक्षेइतकी पडत नाही. याचे कारण पॅनेलच्या आत आहे.

पॅनेलमधला प्रत्येक सेल म्हणजे सिलिकॉनचा मोठा डायोडच. डायोड तापला की आत मोकळे विद्युतभार वाढतात आणि प्रवाह आतल्या आत झिरपतो. पाट फुटून पाणी वाटेतच मुरावे तसे. त्यामुळे दर अंशाला एका सेलचा दाब सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतो. एवढ्याने काय होतंय, असे वाटेल. पण हिशेब करून पाहा. 72 सेलच्या पॅनेलवर 45 व्होल्ट छापले असतील तर ते 25 अंशांचे. सेल 65 अंशांवर गेले की जवळजवळ 6 व्होल्ट गेलेच. प्रवाह वाढतो खरा, पण जेमतेम 2 टक्के. तेवढ्याने भरपाई होत नाही. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये. खालून वारा खेळता ठेवावा.

थंडीत सगळे उलटे. 10 अंशांच्या सकाळी, ऊन पडताच, तेच पॅनेल भार नसताना 47 व्होल्ट दाखवते. ओळीने 10 पॅनेल असतील तर 470. उन्हाळ्यात दाब कमी पडतो म्हणून कुणाचे ऐकून अकरावे जोडले, तर आकडा 515 च्या पुढे जातो. कंट्रोलर 500 व्होल्टचा असेल तर तो जळायची भीती. तेव्हा जोडण्याआधी कंट्रोलरच्या पाटीवरचा कमाल आकडा वाचावा, आणि हिशेब थंडीतल्या सकाळचा धरावा.