सेप्सिसनंतर प्रतिकारशक्ती वाढवावी की दाबावी?

प्रश्न : मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातून वडिलांना सेप्सिस झाला; आता ते घरी आले आहेत. शरीराच्या प्रतिकारानेच अधिक हानी केली, असे डॉक्टर म्हणाले. मग प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे द्यावेत, की ती दाबणारी औषधे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या मनाने दोन्हींपैकी काहीच देऊ नये. प्रतिकारशक्ती ही हवी तशी कमीअधिक करता येते, हा समज सार्वत्रिक असला तरी निराधार आहे (काढेविक्रेत्यांना तो सोयीचा आहे, हे खरे). काही जंतूंच्या आवरणातील विषद्रव्य ओळखणारा पेशींवरील ग्राहक (रिसेप्टर) शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ज्या उंदरांच्या साहाय्याने शोधला, ते जन्मतः सदोष ग्राहकाचे उंदीर त्या विषाच्या मोठ्या मात्रेनेही दगावत नसत. परंतु तेच उंदीर अशा जिवंत जंतूंच्या अल्प संसर्गालाही बळी पडत, कारण ज्या दाहामुळे पुढे रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात, तोच दाह आरंभी जंतूंचा बंदोबस्त करीत असतो.

वडिलांसाठी तजवीज साधी आहे. प्रतिजैविकांचा क्रम पुरा करावा, मधुमेह असल्यास काबूत ठेवावा, फ्लू व न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारावे. अशक्तपणा आणि विसराळूपणा काही महिने राहू शकतो. त्याने घाबरून जाऊ नये. मात्र हुडहुडी, जलद श्वास, लघवी कमी होणे किंवा असंबद्ध बोलणे आढळल्यास तासाचीही दिरंगाई न करता रुग्णालय गाठावे. ताप नाही म्हणून थांबू नये. वृद्धांत तो पुष्कळदा येतच नाही.