‘ब्लूटूथ आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

ई-सायकल घेताना दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘ह्याला ब्लूटूथ आहे का?’ आणि तितकंच हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘आहे की!’ विचारणाऱ्याच्या मनात हँडलवरचा सायकल कॉम्प्युटर असतो. वेग, केडन्स (पेडल मारण्याची गती) आणि हृदयाचे ठोके दिसतात तिथेच बॅटरी किती उरली तेही दिसावं, अशी त्याची अपेक्षा असते. उत्तर देणारा मात्र कंपनीच्या मोबाइल ॲपबद्दल बोलत असतो. दोघांच्याही बोलण्यात खोटं काही नसतं. तरी पैसे मोजून सायकल घरी आली की कॉम्प्युटर तिला ओळखत नाही.

माझ्या सायकलच्या बाबतीत हेच घडलं. ‘कुठलाही कॉम्प्युटर चालतो’ असं विक्रेत्याने ठामपणे सांगितलं होतं. कॉम्प्युटरला सायकल सापडेना, तेव्हा निदान वेग तरी दिसावा म्हणून दुकानातल्या कारागिराने मागच्या चाकाच्या स्पोकला एक जादा चुंबक बसवून दिलं. त्यानंतर मोटर निम्म्या वेगालाच मदत सोडू लागली. कात्रजचा जुना घाट चढताना त्याचा फारसा फरक पडत नाही, पण सपाट रस्त्यावर सायकल जड झाली. कारण शोधताना जे कळलं, ते खरेदीच्या आधी प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मुळात सायकलवरची उपकरणं एकमेकांशी दोन प्रकारे बोलतात. एक प्रकार म्हणजे अँट प्लस. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या डायनास्ट्रीम कंपनीने हे तंत्र विकसित केलं आणि २००६ साली ती कंपनी गार्मिनने विकत घेतली. दुसरा प्रकार म्हणजे कमी वीज खाणारं ब्लूटूथ, जे २०१० साली ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आलं. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, पण एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या उपकरणाला आपोआप समजत नाही. आज बरेच सेन्सर दोन्ही प्रकारांनी माहिती पाठवतात, त्यामुळे साध्या सायकलवर हा फरक फारसा जाणवत नाही. ई-सायकलवर तो लगेच जाणवतो.

अँट प्लसमध्ये हलक्या विद्युत वाहनांसाठी वेगळं प्रोफाइल आहे. त्याला एलईव्ही म्हणतात. वेग, अंतर, बॅटरीची टक्केवारी, मोटर कोणत्या असिस्ट पातळीवर आहे आणि एखादा बिघाड झाला असल्यास त्याची सूचना, एवढं सगळं त्यात ठरलेल्या पद्धतीने पाठवता येतं. सायकल आणि कॉम्प्युटर या दोघांनाही हे प्रोफाइल येत असेल तर बॅटरीचा आकडा थेट पडद्यावर येतो. दोघांपैकी एकाला जरी येत नसेल तरी काही दिसत नाही.

यावर स्पेशलाइज्ड कंपनीने आपल्या टर्बो लेवो सायकलींसाठी एक मजेशीर तोड काढली होती. ज्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला एलईव्ही येत नव्हतं, त्यांच्यासाठी बॅटरीची टक्केवारी हृदयाच्या ठोक्यांच्या जागी दाखवायची सोय कंपनीच्या ॲपमध्ये होती. पडद्यावर ठोके ६४ दिसले की बॅटरी ६४ टक्के आहे, असं चालवणाऱ्याने समजायचं.

ब्लूटूथची गोष्ट वेगळी आहे. वेग-केडन्स, पॉवर आणि हृदयाचे ठोके यांसाठी त्यात सर्वमान्य सेवा आहेत. एका कंपनीचा ठोके मोजणारा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरला जोडला जातो तो त्यामुळेच. असिस्टची पातळी, उरलेलं अंतर, मोटरचे बिघाड ही माहिती मात्र बहुतेक कंपन्या आपापल्या पद्धतीने गुंडाळून फक्त स्वतःच्या ॲपला देतात. म्हणून ‘ब्लूटूथ आहे’ हे उत्तर अपुरं आहे. पुढचा प्रश्न असा हवा: ब्लूटूथवरून कोणती माहिती बाहेर जाते, आणि ती वाचू शकणारं उपकरण कोणतं?

आणखी एक अडचण अनेकांना छळते. अँट प्लसचा सेन्सर आपली माहिती प्रसारित करत राहतो, ती आजूबाजूची कितीही उपकरणं एकाच वेळी घेऊ शकतात. ब्लूटूथवर पुष्कळ ई-सायकली एका वेळी एकाच उपकरणाशी जोडल्या जातात. खिशातल्या फोनवर कंपनीचं ॲप मागे चालू असेल, तर सायकल आधीच त्याने धरलेली असते आणि कॉम्प्युटरने कितीही शोध घेतला तरी ती सापडत नाही. जोडणी होत नसेल तर सेन्सरला दोष देण्याआधी फोनचं ब्लूटूथ बंद करून पाहावं.

आता खरेदी करणाऱ्यांनी काळाचं भानही ठेवायला हवं. गार्मिनने अँट प्लसचा सदस्यत्व आणि प्रमाणन कार्यक्रम ३० जून २०२५ रोजी बंद केला. युरोपीय संघाचे बिनतारी उपकरणांच्या सुरक्षेविषयीचे नवे नियम १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाले, त्याच्याशी हा निर्णय जोडलेला आहे. हाताशी असलेले अँट प्लस सेन्सर त्यामुळे निकामी होत नाहीत, ते चालूच राहतील. पण नवा सेन्सर, नवा पट्टा किंवा नवा मागचा रडार-दिवा घेताना त्यात ब्लूटूथही आहे ना, हे खोक्यावर वाचूनच घ्यावं.

पुन्हा त्या चुंबकाकडे येऊ. मिड-ड्राइव्ह म्हणजे पेडलपाशी मोटर असलेल्या सायकलींत वेगाचा सेन्सर सहसा मागच्या चाकापाशी, चेनस्टेवर असतो. स्पोकवरचं चुंबक समोरून गेलं की चाकाचा एक फेरा झाला, असं मोटर मोजते. त्याच सेन्सरसमोरून दुसरं चुंबक फिरू लागलं तर एका फेऱ्याचे दोन फेरे मोजले जातात. सायकल ताशी साडेबारा किलोमीटरने धावत असते आणि मोटरला वाटतं पंचवीसचा वेग झाला. मग मर्यादा आली असं धरून ती मदत थांबवते. माझ्या सायकलवर नेमकं हेच झालं होतं. जादा चुंबक काढताच मोटर पूर्ववत झाली. म्हणून कॉम्प्युटरचा वेग-सेन्सर पुढच्या चाकावरच असावा, आणि शक्यतो चुंबकाविना चालणारा, हबला गुंडाळायचा घ्यावा. हब मोटरच्या सायकलवर मोटर ज्या चाकात असते त्याचा हब जाड असल्याने तो सेन्सर तिथे बसतच नाही. मोटर मागे असेल तर पुढचा हब मोकळा असतो.

वेगाच्या आकड्यात घोळ होण्याचं दुसरं कारण म्हणजे चाकाचा परीघ. ७००×२५ च्या टायरचा परीघ सुमारे २१०५ मिलिमीटर, तर २९×२.१ च्या टायरचा सुमारे २२८८. साध्या सायकलवरचा कॉम्प्युटर काढून २९ इंची ई-सायकलवर लावला आणि परीघ बदलला नाही, तर सायकल २५ च्या वेगाने जात असताना पडद्यावर २३ दिसतात. मग ‘मोटर २३ लाच सोडते’ अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात जातो. मोटर स्वतःच्या सेन्सरवर चालते, कॉम्प्युटरच्या आकड्याशी तिचा संबंध नसतो. परीघ घरी मोजता येतो. व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करावी, सायकलवर बसून एक पूर्ण फेरा पुढे जावं, पुन्हा खूण करावी आणि मधलं अंतर टेपने मोजून कॉम्प्युटरमध्ये भरावं.

सेन्सरला फसवून वेगमर्यादा वाढवणारे छोटे डबे ॲक्सेसरी म्हणून विकले जातात, ते घेऊ नयेत. आपल्याकडे २५० वॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तरच ई-सायकल मोटार वाहन ठरत नाही. त्यापलीकडे नोंदणी, परवाना आणि विमा हे सगळं लागू होतं.

विजेच्या जोडण्यांत तर सगळ्यात जास्त सावधगिरी हवी. ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे एकापुढे एक जोडलेले दहा सेल. पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४२ व्होल्ट देते. ४८ व्होल्टच्या बॅटरीत असे तेरा सेल असतात आणि तिचा आकडा ५४.६ पर्यंत जातो. सायकलचे दिवे सहसा ६ किंवा १२ व्होल्टचे आणि यूएसबी ५ व्होल्टची. बॅटरीच्या तारा सोलून त्यावर थेट दिवा किंवा चार्जर जोडला, की आधी तो जळतो आणि नशीब वाईट असेल तर तारा तापतात. व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर आणि फ्यूज याशिवाय मुख्य बॅटरीला काहीही जोडू देऊ नये. सायकलवर कंपनीचं दिव्याचं किंवा यूएसबीचं आउटपुट असेल तर तेवढंच वापरावं, आणि दिवा त्याच व्होल्टेजचा घ्यावा. रेंज कमी होईल ही भीती फारशी खरी नाही. २७० वॉट-अवरच्या बॅटरीतून ३ वॉटचा दिवा दोन तास जळला तरी जेमतेम दोन टक्के खर्च होतात.

डिस्प्ले, थ्रॉटल आणि ब्रेकच्या तारांचे गोल प्लग बाहेरून सारखे दिसतात, आतल्या पिनांची मांडणी निराळी असू शकते. एक डिस्प्ले काढून दुसरा लावायचा असेल तर प्लग बसला एवढ्यावर विसंबू नये, कंट्रोलर कोणता आहे ते पाहावं. प्लग काढण्याआधी बॅटरी बंद करून उतरवावी, बाणांच्या खुणा जुळवून प्लग सरळ दाबावा, पिळू नये. पावसाळ्यात अर्धवट बसलेल्या प्लगमध्ये पाणी शिरतं आणि बिघाडाचे आकडे दिसू लागतात. ब्रेकचे लिव्हर बदलताना जुन्यांत मोटर बंद करणारा सेन्सर होता का, हे आधी तपासावं. तो गेला तर ब्रेक दाबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहू शकते.

सगळं जुळल्यावर आकडे वाचतानाही भान हवं. पेडलमधला पॉवर मीटर फक्त पायांची ताकद मोजतो, मोटरची नाही. वेगावरून काढलेल्या कॅलरी ई-सायकलवर फुगलेल्या निघतात, म्हणून छातीचा पट्टा लावलेला बरा. राइड नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपवर ई-बाइक राइड हा वेगळा प्रकार आहे, तोच निवडावा. नाहीतर सिंहगडचा चढ स्वतःच्या पायांनी चढणाऱ्यांच्या यादीत मोटरचा वेळ जाऊन बसतो.

नवी सायकल घेणाऱ्यांनी आपला कॉम्प्युटर दुकानात सोबतच न्यावा. फोनचं ब्लूटूथ बंद करावं, सायकल सुरू करून कॉम्प्युटरवर शोध लावावा आणि बॅटरीची टक्केवारी पडद्यावर आलेली पाहावी. असिस्टची पातळी बदलून ती तिथेही बदलते का, हे बघावं. मग आजूबाजूला एक चक्कर मारून जोडणी टिकते का, ते तपासावं. चालत असेल तर मॉडेलचं नाव आणि ही सोय बिलावर लिहून घ्यावी. विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल, तर बॅटरीसाठी सायकलचा स्वतःचा डिस्प्ले आणि बाकी सगळ्यासाठी आपला कॉम्प्युटर असं गृहीत धरूनच हँडलवरची जागा आणि खर्च ठरवावा.