जठराचा कर्करोग उलटला तर : दुर्बिणीची शस्त्रक्रिया कोणाला?

माझा दवाखाना माझगावात असला तरी माझे निम्मे रुग्ण कोकणातले. कोणी गोदीतल्या नोकरीसाठी इथे आलेले, तर कोणी त्यांच्याकडे उपचारासाठी उतरलेले. मध्यंतरी डॉकयार्ड रोडजवळच्या चाळीतले एक आजोबा मुलाबरोबर आले. वय ७४. तीन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचे दोन-तृतीयांश जठर काढले होते आणि प्रकृती चांगली सुधारली होती. आता मात्र चार घास खाल्ले की पोट फुगे, रात्री उलटी होई आणि वजन झपाट्याने उतरत होते. मुलाने बसता बसताच विचारले, "डॉक्टर, या वेळी दुर्बिणीने करता येईल ना? बाबांना आता मोठी चिरफाड झेपायची नाही."

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून आज तोच विषय घेतो.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे दोन वेगळ्या उपकरणांना दुर्बीण म्हणतात. एक तोंडावाटे जठरात जाते. तिने आतले अस्तर दिसते आणि तपासणीसाठी तुकडा घेता येतो. दुसरी, म्हणजे लॅपरोस्कोप, बेंबीजवळ साधारण एक सेंटीमीटरचा छेद घेऊन उदरपोकळीत घालतात. तिने जठर, यकृत, आतडी बाहेरून दिसतात. आजोबांची पहिली तपासणी झाली तेव्हा जठर आणि आतडे जिथे जोडले होते तिथेच गाठ सापडली. सीटी स्कॅनमध्ये रोग तेवढ्यापुरताच वाटत होता.

पण जठराचा कर्करोग उलटतो तो एकाच जागी असे नाही. तो उरलेल्या जठरात, आसपासच्या लसिकाग्रंथींत, यकृतात किंवा पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर येतो. बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो. पडद्यावर तो रव्याच्या कणांसारखा विखुरतो आणि हे कण बारीक असले तर स्कॅनमध्ये दिसत नाहीत. तिथे प्रत्यक्ष डोळ्यांनीच पाहावे लागते.

दुर्बिणीचे हे पाहण्याचे काम आपल्या मुंबईत जुने आहे. माझगावच्या शेजारी, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ साली लॅपरोस्कोपी सुरू केली ती निदानासाठी. सीटी स्कॅन आपल्याकडे आलेला नव्हता, तेव्हा पोट न फाडता आतला आजार ओळखायचा हा स्वस्त मार्ग होता. याच रुग्णालयात १९९० साली त्यांनी देशात प्रथम दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि लोकांच्या मनात 'दुर्बीण म्हणजे बिनटाक्याचे ऑपरेशन' असे समीकरण बसले. २०२३ साली डॉक्टर गेले. मला स्वतःला त्यांचे १९७२ चे काम अधिक मोलाचे वाटते.

जठराच्या कर्करोगासाठी दुर्बिणीचा वापर १९९० च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. पहिल्यांदाच आणि लवकर सापडलेल्या रोगात ती उघड्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली ठरते, हे जपान आणि कोरियातील मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. उलटलेल्या रोगाबद्दल तसे म्हणता येत नाही. तिथला अनुभव निवडक रुग्णांचा आहे. एकदा उघडलेल्या पोटात आतडी जुन्या व्रणाला चिकटलेली असतात. ती सोडवतानाच तास-दोन तास जातात, आतड्याला इजा होण्याची भीती असते. मध्येच पोट उघडावे लागले तर ते शल्यचिकित्सकाचे अपयश समजू नये. कित्येकदा तोच शहाणपणा असतो.

छेद लहान म्हणून शस्त्रक्रिया लहान, असेही नाही. भूल पूर्णच द्यावी लागते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्याचा दाब म्हाताऱ्या हृदयावर व फुफ्फुसांवर पडतो. फायदा होतो तो नंतर. वेदना कमी, त्यामुळे श्वास मोकळा घेता येतो, माणूस लवकर चालू लागतो आणि न्यूमोनियाचा धोका घटतो. वृद्धांच्या बाबतीत हा फायदा लहान नव्हे.

केवळ वयावरून मात्र कोणालाच नकार देऊ नये. स्टेशनचा जिना न थांबता चढणारा ८० वर्षांचा गृहस्थ, बिछान्याला खिळलेल्या ६५ वर्षांच्या माणसापेक्षा शस्त्रक्रिया चांगली सोसतो. वजन किती घटले, रक्तातले प्रथिन किती, हृदय व फुफ्फुसे कशी आहेत, हे पाहून भूलतज्ज्ञ मत देतात. रोग एकाच जागी असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर उरलेले जठर काढण्याचा विचार जरूर करावा. त्यानंतर जन्मभर बी-१२ ची इंजेक्शने आणि थोडे थोडे खाणे आलेच.

आजोबांच्या शल्यचिकित्सकाने आधी फक्त दुर्बीण घालून पाहायचे ठरवले आणि आत काय दिसले तर काय करायचे, हे घरच्यांशी आधीच बोलून घेतले. पडद्यावर कण दिसले. गाठ काढून उपयोग नव्हता. तेव्हा दुर्बिणीतूनच उरलेल्या जठराच्या वरच्या निरोगी भागाला आतड्याचे दुसरे वेटोळे जोडून अन्नाला वाट करून दिली. सातव्या दिवशी आजोबा घरी गेले. सौम्य मात्रेत केमोथेरपी घेत, पेज, मऊ भात, कुळथाची पिठी असे दिवसातून सहा वेळा खात ते गणपतीला गावी जाऊन आले. शिमग्याच्या आधी गेले.

मुलगा नंतर भेटायला आला. "तेव्हा गाठ काढली असती तर?" त्याने विचारले. मी म्हटले, "तर ते गणपती त्यांनी बहुधा रुग्णालयात काढले असते, आणि आजार तसाच राहिला असता."

गावाहून उपचारासाठी येणाऱ्यांनी पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद अवश्य आणावा. नुसता घरी सोडल्याचा नव्हे, तर शस्त्रक्रियेत काय काढले व काय कशाला जोडले ते लिहिलेला. पॅथॉलॉजीचा अहवालही आणावा. मूळ रुग्णालयातून त्यांच्या प्रती मागता येतात. आजोबांच्या सुनेने हे सगळे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले होते, त्यामुळे आतली जोडणी कशी आहे हे शल्यचिकित्सकाला आधीच ठाऊक होते.