आयातीचा राउटर : मागणीपासून पहिल्या कामापर्यंत



आठ बाय चारची अख्खी शीट एका दमात कापणाऱ्या सीएनसी राउटरला बाजारात '१३२५' म्हणतात, कारण त्याचे कामाचे क्षेत्र १३०० × २५०० मिलिमीटर असते. शीट भरते १२२० × २४४०. चीनमध्ये शानडोंग प्रांतातले जिनान शहर या यंत्रांचे मोठे केंद्र आहे. तिथून माल छिंगदाओ बंदरात जातो, बोटीने न्हावा शेवाला उतरतो आणि ट्रकने कुडाळच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात येतो. कारखान्यात बेड मशीनवर घासून त्यावर रेल बसवलेल्या असतात, पण तिथे मोजलेली अचूकता तिथल्या जमिनीवरची असते. क्रेन, बोट, ट्रक आणि नवा कोबा यांच्यानंतर ती पुन्हा मिळवावी लागते. यंत्र विकत मिळते. त्याची अचूकता गाळ्यातच, एकेक माप घेऊन, ठरलेल्या क्रमाने बसवावी लागते. क्रम बदलला तर आधीचे काम वाया जाते.

मागणीपासूनच हा क्रम सुरू होतो. कोटेशनमध्ये किंमत ठळक असते आणि बाकी सगळे 'स्टँडर्ड' या एका शब्दात उरकलेले असते. त्या शब्दाचा अर्थ लेखी मागून घ्यावा. बेडच्या नळीची जाडी किती, वेल्डिंगनंतर ताण घालवण्यासाठी बेड भट्टीत तापवला होता का, रेल २० मिलिमीटरच्या की २५च्या आणि कोणत्या कंपनीच्या, रॅक सरळ दातांचा की तिरप्या, कटर फिरवणारा स्पिंडल किती किलोवॅटचा आणि त्यात कटर पकडणारा कोणता कोलेट बसतो. मोटरबद्दल तडजोड करू नये. साधी स्टेपर मोटर कुठे अडली की मुकाट्याने पावले चुकवते, कंट्रोलरला त्याचा पत्ता नसतो आणि पुढचे सगळे काम सरकून पडते. सर्वो किंवा क्लोज्ड-लूप मोटर अडली की अलार्म देऊन थांबते. काही महागड्या व्हिनिअर शीट वाचल्या तरी या फरकाच्या पैशाचा बराच भाग वसूल होतो.

यंत्राबरोबर सुटे भागही त्याच पेटीत मागवावेत: दोन-तीन कोलेट आणि नट, लिमिट सेन्सर, एक ड्राइव्ह, पाण्यावर थंड होणारा स्पिंडल असेल तर त्याचा पंप. नंतर एकटा सेन्सर मागवला तर वस्तूपेक्षा वाहतूक महाग पडते आणि तेवढे दिवस यंत्र बंद राहते. वायरिंगचा नकाशा आणि कंट्रोलर व व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॅरामीटरची यादी यांच्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. साधारणपणे ३० टक्के आगाऊ आणि उरलेले माल निघण्यापूर्वी, असा व्यवहार असतो. दुसऱ्या हप्त्याआधी याच यंत्रावर शीट कापतानाचा व्हिडिओ मागावा, त्यात नंबरप्लेट दिसली पाहिजे. मध्येच 'बँक खाते बदलले आहे' अशी ईमेल आली तर प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलवर खातरजमा होईपर्यंत एक रुपयाही पाठवू नये. अशा बनावट ईमेलांनी आयातदारांचे पैसे बुडाले आहेत आणि परदेशात गेलेला पैसा सहसा परत येत नाही.

कागदपत्रांचा भाग सीएचएकडे, म्हणजे कस्टमच्या दलालाकडे, सोपवावा, पण समजून घ्यावा. आयातीसाठी आयईसी (आयातदार-निर्यातदार) क्रमांक लागतो. कस्टमच्या दरसूचीत लाकूडकामाच्या यंत्रांचे शीर्षक ८४६५. बिल ऑफ एंट्रीवर तेच आहे ना, हे स्वतः पाहावे. कस्टम ड्यूटीच्या जोडीला १८ टक्के आयजीएसटी भरावा लागतो. जीएसटी नोंदणी असेल तर त्याचे क्रेडिट मिळते, तरी रक्कम त्या दिवशी हातात हवी. यंत्रांच्या सुरक्षिततेबाबत अवजड उद्योग मंत्रालयाने २०२४ मध्ये आदेश काढला आणि त्याच्या अंमलाची तारीख पुढे ढकलली गेली. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी त्या दिवशीची स्थिती सीएचएकडून लेखी घ्यावी. लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५चा शिक्का हवा, नाहीतर माल बंदरात अडतो. सामायिक कंटेनरचे समुद्रभाडे फार स्वस्त सांगितले जाते आणि तो पैसा माल उतरण्याच्या ठिकाणच्या आकारांतून वसूल होतो; ते आकारही आधीच लेखी मागावेत. विमा मात्र गाळ्याच्या दारापर्यंतचा घ्यावा.

ट्रक दारात आला की पेटी उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढावेत. पेटी फुटलेली असेल तर पावतीवर तसा शेरा मारूनच सही करावी. यंत्राचे वजन एक टनाच्या पुढे असते, त्यामुळे हायड्रा क्रेनशिवाय गत्यंतर नाही. पट्टे बेडच्या उचलण्याच्या जागांनाच बांधावेत. गॅन्ट्रीला (बेडवर पुढे-मागे सरकणाऱ्या, स्पिंडल वाहणाऱ्या कमानीला) पट्टा घालून यंत्र उचलले की रेलचे ब्लॉक आणि तुळई यांची जुळणी बिघडते आणि तो दोष पुढे कुठल्याही सेटिंगने जात नाही. प्रवासासाठी गॅन्ट्री जखडून ठेवणाऱ्या पट्ट्या वीज जोडण्यापूर्वी काढाव्यात. रेलवरचा गंजरोधक चिकट थर रॉकेलने किंवा डिझेलने पुसावा, लगेच तेल द्यावे आणि गॅन्ट्री हाताने टोकापासून टोकापर्यंत ढकलून पाहावी. कुठे जड लागली तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

जागा निवडताना कोब्याला तडा नसावा आणि यंत्राचे पाय दोन वेगवेगळ्या स्लॅबवर पडू नयेत. चारही बाजूंनी माणूस फिरेल, एका अंगाने शीट चढेल, एवढी जागा सोडावी. बेड पाण्याच्या पातळीत असणे चांगलेच, पण त्याला पीळ नसणे अधिक महत्त्वाचे. एक पाय अधांतरी असलेली खाट जशी वजन पडले की कलते, तसा पिळलेला बेड गॅन्ट्री फिरताना हलतो आणि मग प्रत्येक कोपऱ्यात खोली वेगळी येते. साधी गवंड्याची लेव्हल इथे उपयोगाची नाही. मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी मास्टर लेव्हल एखाद्या मशीन शॉपमधून दोन दिवसांसाठी आणावी, दोन्ही रेलवर पुढे, मध्ये आणि मागे ठेवावी आणि दोन्हीकडे बुडबुडा सारखा दिसेपर्यंत पायांचे बोल्ट फिरवावेत. वजनाने पाय बसतात, म्हणून पंधरा दिवसांनी हेच माप पुन्हा घ्यावे.

विजेचे काम वायरमनवर सोडून निघून जाऊ नये. चीनमधले थ्री-फेज यंत्र ३८० व्होल्टचे असते आणि आपल्याकडे ४१५ मिळतात. व्हीएफडी, ट्रान्सफॉर्मर आणि पंपाच्या मोटरी एवढे सोसणाऱ्या आहेत का, हे पाट्या वाचून पडताळावे. कोकणात पावसाळ्यात वीज जाते-येते, व्होल्टेज खाली-वर होते. सर्वो स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर हा यंत्राच्याच किमतीचा भाग समजावा. यंत्रासाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्यावा आणि रोध ५ ओहमच्या आत आल्याचे मीटरवर पाहावे. यंत्र मध्येच थांबणे, लिमिट लागल्याचा खोटा अलार्म येणे, संगणक गोठणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा कच्च्या अर्थिंगमध्ये किंवा स्पिंडलच्या केबलला चिकटून नेलेल्या सिग्नलच्या तारांमध्ये असते. त्या दोन तारा शेजारून नेऊ नयेत.

स्पिंडल पहिल्याच दिवशी जळतो तेव्हा त्याचे कारण बहुधा एका आकड्यात असते. राउटरचा स्पिंडल ४०० हर्ट्झला मिनिटाला २४,००० फेरे फिरतो. व्हीएफडीमध्ये मूळ वारंवारता साध्या मोटरप्रमाणे ५० हर्ट्झ राहिली तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज गुंडाळीवर येते, प्रवाह बेसुमार वाढतो आणि गुंडाळी जळते. म्हणून मुख्य स्विच लावल्यावर स्पिंडल सुरू करण्याआधी व्हीएफडीचे पॅरामीटर कारखान्याच्या यादीशी आणि स्पिंडलच्या पाटीशी एकेक करून जुळवावेत: मूळ वारंवारता, कमाल वारंवारता, व्होल्टेज, प्रवाह. मग कटर न लावता ६,०००वर काही मिनिटे, नंतर १२,००० आणि १८,०००, असा तो तापवत न्यावा. वरून पाहिल्यास तो घड्याळाच्या दिशेने फिरला पाहिजे. उलट फिरत असेल तर व्हीएफडीतून स्पिंडलकडे जाणाऱ्या तीनपैकी दोन तारा बदलाव्यात. येणाऱ्या फेज बदलून फरक पडत नाही. धूळ ओढणारा पंखा आणि व्हॅक्यूम पंप मात्र येणाऱ्या फेजवर चालतात. पंखा उलटा फिरला तरी थोडी धूळ ओढतोच, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

आता मापे. लांबीच्या अक्षावर २००० मिलिमीटर जाण्याची आज्ञा द्यावी (रुंदीच्या अक्षाला १००० पुरेत) आणि प्रत्यक्ष अंतर मोजावे. टेपच्या हुकावर भरवसा नको. १००च्या खुणेपासून मोजावे. समजा अंतर १९९७ भरले. हातातल्या डीएसपी कंट्रोलरमध्ये 'एका मिलिमीटरला किती पल्स' असा आकडा असतो. तो २०००/१९९७ ने गुणावा. संगणकावरच्या एनसीस्टुडिओ कंट्रोलरमध्ये उलट, 'एका पल्सला किती मिलिमीटर' असते. तिथे १९९७/२००० ने गुणावे. एकाचे सूत्र दुसऱ्याला लावले की चूक दुप्पट होते.

अक्ष बरोबर झाले की काटकोन. सगळ्या मांडणीतली ही पायरी सर्वांत जास्त वेळ मागते आणि तो द्यावा. एमडीएफच्या शीटवर १२०० × २४०० च्या आयताच्या चार कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोके पाडावीत, त्यांत घट्ट बसणाऱ्या पिना घालाव्यात आणि दोन्ही कर्ण पिनांच्या एकाच अंगाने मोजावेत. दोन्ही २६८३.३ भरायला हवेत. कर्णांत १ मिलिमीटरचा फरक असेल तर गॅन्ट्रीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने पुढे आहे, असा त्याचा अर्थ. पुढे कोणते, तेही यातच कळते: लांब भरलेल्या कर्णाचे होमपासून (यंत्राच्या सुरुवातीच्या स्थानापासून) दूरचे टोक ज्या बाजूला, ती बाजू पुढे गेलेली. दोन बाजूंना वेगळे होम सेन्सर असतील तर एक सेन्सर तेवढा सरकवावा. नसतील तर तुळईचे एका बाजूचे बोल्ट सैल करून ढकलावे आणि पुन्हा आवळावे. बोल्ट आवळताना जुळणी थोडी हलते, म्हणून नव्या भोकांवर परत मोजावे. किचनच्या शटरमध्ये अर्धा मिलिमीटरही दोन दारांच्या फटीत डोळ्यांना दिसतो, आणि बिजागरी कितीही फिरवल्या तरी तो लपत नाही.

त्यानंतर स्पिंडलचा सरळपणा. बेडवर १८ मिलिमीटरचा एमडीएफ बसवून रुंद कटरने त्याचा वरचा थर अर्धा मिलिमीटर सोलावा. सोललेल्या पृष्ठभागावरून नख फिरवले की दोन पट्ट्यांमधली पायरी जाणवते. पायरी म्हणजे स्पिंडल कललेला. मग स्पिंडलला आडवा हात लावून त्यावर डायल गेज बसवावा, वीज बंद करून हाताने पूर्ण फेरा घ्यावा आणि चार दिशांची वाचने लिहावीत. २०० मिलिमीटरच्या वर्तुळात फरक ०.०५च्या आत आला की पुरे. त्यासाठी स्पिंडलच्या पट्टीमागे पितळी पत्र्याचे तुकडे घालतात. शेवटी पृष्ठभाग पुन्हा एकदा सोलावा. यंत्राचा खरा शून्य इथून धरायचा. या टप्प्यावर कंट्रोलरचे सगळे पॅरामीटर पेनड्राइव्हवर आणि कागदावरही उतरवून ठेवावेत.

व्हॅक्यूमने शीट धरण्यासाठी त्या एमडीएफचे दोन्ही बाजूंचे कडक थर सोललेले असावेत, तरच हवा त्यातून ओढली जाते. कडांना मात्र रंग लावून त्या बंद कराव्यात. अर्धा बार दाबाला एक चौरस मीटरवर पाच टनांचा भार येतो, पण १०० × १०० मिलिमीटरच्या तुकड्यावर जेमतेम पन्नास किलोचा, आणि आडवा जोर सोसण्याची ताकद त्याहून कमी. म्हणून लहान तुकडे शेवटपर्यंत न कापता तळाशी अर्ध्या मिलिमीटरची पापडी ठेवून नंतर सोडवावेत.

कटर लावताना कोलेट आधी नटमध्ये 'टक्' आवाज होईपर्यंत बसवावा, मग नट स्पिंडलवर. ६ मिलिमीटरचा दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५च्या कोलेटमध्ये घालू नये. वेगाचे गणित सोपे आहे: फेरे गुणिले धारा गुणिले एका धारेचा घास. १८,००० फेरे, दोन धारा आणि ०.१५ मिलिमीटर घास, म्हणजे मिनिटाला ५,४०० मिलिमीटर. नवा माणूस भीतीने वेग कमी ठेवतो, कटर लाकूड कापण्याऐवजी घासू लागतो, तापतो आणि धार जाते. भुसा पिठासारखा पडू लागला तर वेग वाढवावा किंवा फेरे कमी करावेत. नवा प्रोग्राम पहिल्यांदा ५० मिलिमीटर वर, हवेत चालवावा आणि हात आपत्कालीन बटणावर ठेवावा. फिरत्या कटरजवळ हातमोजे कधीही घालू नयेत.

लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी संस्थेने १९९५ मध्ये नोंदवले आहे. एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडही असते. मास्क आणि चालू डस्ट कलेक्टर यांशिवाय कुणालाही, एका कापासाठीही, यंत्राशी उभे करू नये. कलेक्टरची पिशवी रोज रिकामी करावी, कारण बोथट कटरची ठिणगी तिच्यात तासन्‌तास धुमसते. रेलवरचे तेल आणि धूळ मिळून लगदा होतो. आठवड्यातून एकदा तो पुसून नवे तेल द्यावे. जून ते सप्टेंबर कंट्रोल पॅनलचे दार बंद ठेवावे, आत सिलिका जेल टाकावे, आणि एमडीएफचा बेड दमटपणाने फुगतो म्हणून पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो पुन्हा सोलून घ्यावा.