ट्रॉलीचा गंज: हंगामाआधीचा एक पाठ



दसरा झाला की भूम तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि लेकरे घेऊन ट्रॉलीत बसतात. मग पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात काढतात. त्यांत आपल्या सेवाकार्यातली पारधी कुटुंबेही असतात. त्यांच्यामागोमाग आपली बंद ट्रॉलीही जाते. कोप्यांवर राहिलेल्या मुलांसाठी तिच्यात खिचडी शिजते आणि दुपारी शाळा भरते. ही ट्रॉली तुमच्या दानातून उभी राहिली आहे, म्हणून ती कशी जपतो हे तुम्हाला कळायला हवे. वस्तीवर दरवर्षी भाद्रपदात मी हाच पाठ घेतो.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने गंजाचा उल्लेख केला तो पृथ्वीवर संपत्ती साठवणाऱ्यांसाठी. पण दुसऱ्यांच्या सेवेसाठी जी वस्तू आपल्या हाती सोपवली आहे, ती राखणे हे कारभाऱ्याचे काम आहे. चुलीवरचे अन्न आणि ट्रॉलीतली लेकरे त्या लोखंडाच्या भरवशावर असतात.

१. दुष्काळी भागात गंज कुठून येतो?

हा प्रश्न वस्तीवर हमखास विचारला जातो. गंज चढायला लोखंड, पाणी आणि हवा एवढेच लागते. मीठ, आंबटपणा किंवा खत त्यात मिसळले की काम लवकर होते. पाऊस कमी असला तरी चालते. चिखलाखाली ओल टिकून राहिली की पुरे.

ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीवर रस ठिबकतो. तो चिकट असतो, धूळ धरून ठेवतो आणि आंबला की आम्ल होतो. फडातला चिखल आणि थंडीतले दव आतल्या बाजूला साचते. हंगाम संपल्यावर ट्रॉली तशीच उभी राहते आणि जूनपासून तिच्यावर पाऊस पडतो. म्हणजे लोखंडाचे बरेचसे नुकसान ट्रॉली चालताना होत नाही, ती उभी असताना होते.

ॲल्युमिनिअमवर चढणारा थर आतल्या धातूला धरून बसतो आणि त्याला झाकतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचे नवे लोखंड उघडे पडते. म्हणून गंज आपोआप थांबत नाही.

२. कुठे पाहावे?

वरून दिसणारा लाल डाग बहुधा कमी धोक्याचा असतो. खरा धोका लपलेल्या जागी असतो:

– ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांडीचे मूळ आणि तिथले वेल्डिंग
– दोन पट्ट्या एकमेकींवर बसलेल्या सांध्यांतली फट
– चाकांच्या वरचे आडवे चॅनेल, जिथे चिखल उडतो
– पाटे जिथे चेसीला बसवले आहेत ती जागा
– दोन्ही टोके बंद असलेला चौकोनी पाइप, जो आतून कुजतो आणि बाहेरून रंगीत दिसतो

तपासणी सोपी आहे. छोट्या हातोडीने ठोकत जा. शाबूत लोखंड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. गेल्या वर्षी आमच्या ट्रॉलीच्या दांडीच्या मुळाशी असाच बद्द आवाज आला. वेल्डरने तो भाग कापला तेव्हा आतली पट्टी कागदासारखी पातळ झालेली निघाली. वरचा रंग मात्र चांगला होता.

अशा ठिकाणी लांबी भरून रंग मारणे म्हणजे जखमेवर पांढरा कपडा बांधणे. तो भाग कापून नवी पट्टी जोडावीच लागते. दांडीला चीर दिसली तर दुरुस्ती होईपर्यंत ट्रॉली हलवू नये.

३. गंज काढणे आणि रंग देणे

आधी गॅसचे सिलिंडर उतरवून लांब, मोकळ्या जागी उभे ठेवा. ग्राइंडरची ठिणगी आणि वेल्डिंगची ज्योत त्याच्या आसपासही नको. डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडके, हातात मोजे असू द्या.

ट्रॉली साध्या पाण्याने खालून धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग तारेच्या ब्रशने पापुद्रे काढा, पॉलिश पेपरने घासा आणि थिनरच्या फडक्याने पुसा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावता येते. ते गंजाचे काळ्या, घट्ट थरात रूपांतर करते. दिल्लीच्या कुतुब परिसरातला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर टिकला, त्याच्या लोखंडातही फॉस्फरस आहे आणि त्यामुळेच त्यावर राखणारा थर तयार झाला.

घासलेल्या लोखंडाला त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पहिला हात द्या. रात्रीचे दव लागले की पुन्हा गंज धरतो. कडा आणि वेल्डिंगवर रंग पातळ बसतो, म्हणून तिथे ब्रशने एक जादा हात मारा. रेड ऑक्साइडचे दोन आणि ऑइल पेंटचे दोन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. नुसते रेड ऑक्साइड लावून सोडू नये, कारण ओल त्यातून झिरपते. बंद पाइपला सर्वांत खालच्या बाजूला पाणी निघायला छोटे भोक ठेवा. हूक आणि खिळीला रंग टिकत नाही, तिथे ग्रीस लावा.

४. सिलिंडरची बैठक

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली साचतो. म्हणून आमच्या ट्रॉलीत सिलिंडर आत ठेवत नाही. पुढच्या बाजूला, बाहेर, उभे ठेवण्यासाठी अँगलची बैठक केली आहे. हीच जागा लवकर गंजते, कारण पुढच्या चाकांचा चिखल तिथेच उडतो आणि सिलिंडर घासून रंग उडतो.

बैठकीचा तळ सपाट पत्र्याचा नको. पत्र्यावर पाणी साचते आणि सिलिंडरची खालची कडी त्यात उभी राहते. अँगलच्या चौकटीवर फटी ठेवून पट्ट्या जोडाव्यात. खाली गोणपाट घालू नये, ते ओल धरते. जुन्या टायरचे रबर तुकड्या-तुकड्यांनी लावावे. सिलिंडरला कवळणाऱ्या पट्टीवरही रबर चढवावे, म्हणजे लोखंडाला लोखंड घासणार नाही. महिन्यातून एकदा सिलिंडर उचलून बैठक पुसावी आणि पट्टीचे नटबोल्ट आवळावेत.

सिलिंडर मात्र स्वतः घासू किंवा रंगवू नये. ते गॅस कंपनीचे असते. तळाशी खोल गंज, पोचा किंवा मोडकी कडी दिसली तर घेतानाच परत करावे. मुठीखालच्या पट्टीवर पुढच्या चाचणीची मुदत असते: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि पुढे वर्ष. ‘बी २७’ म्हणजे जून २०२७ पर्यंत. सांधा तपासायचा तो साबणाच्या पाण्याने, काडी ओढून कधीच नाही. गळती झाल्यास १९०६ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ हवा.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून वस्तीवरही सिलिंडर आले. काही कुटुंबे ते सोबत नेतात. त्यांना इतकेच सांगतो: रेग्युलेटर काढा, झाकण लावा, उभे बांधा आणि कोपीत पाचटाच्या भिंतीला टेकवू नका.

५. ट्रॉली आपली नसेल तर?

हा या पाठाचा अवघड भाग आहे. कुटुंबे ज्या ट्रॉलीतून जातात ती मालकाची असते. माणसे बसवण्यासाठी ती बनलेलीच नाही, आणि उचल घेतलेल्याला ‘ही दांडी बघा’ म्हणणे जड जाते. म्हणून आम्ही वस्तीतल्या चार-पाच जणांना एकत्र जाऊन विचारायला शिकवतो. गाडी भरायच्या आदल्या दिवशी हातोडी घेऊन जायचे, मालकासमोर ठोकायचे, आवाज त्यालाही ऐकवायचा. दांडी तुटली तर त्याचेही नुकसान आहे, हे त्याला कळते. बहुतेक वेळा वेल्डर बोलावला जातो. नाही बोलावला तर आम्ही सोबत जाऊन पुन्हा विचारतो.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या हाती सोपवलेल्या कोणत्या वस्तूची तपासणी आपण फक्त वरच्या रंगावरून करतो?
२. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूमुळे गरिबाचा जीव धोक्यात असेल तर मंडळीने कसे बोलावे?
३. आपल्यात वेल्डिंग किंवा रंगकाम जाणणारे कोण आहेत? येत्या भाद्रपदात एक दिवस वस्तीवर येता येईल का?