वहीत आधी आपली हजेरी

पोरी, द्राक्षाची छाटणी केली, पावसात घड कुजले आणि औषधवाल्याची उधारी तेवढी डोक्यावर राहिली. आता तू म्हणतेस, आजी, घरात बसून काहीतरी करते. कर. पण आधी माझे चार शब्द ऐक.

केकचा क्लास आत्ता नको. भट्टीला पैसे घालावे लागतील, आणि ज्या वर्षी बागा गेल्या त्या वर्षी आपल्या कवठ्यात वाढदिवसाचा खर्च सगळ्यांत आधी कमी होतो. १९७२ च्या दुष्काळात मी खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. तेव्हासुद्धा घरी भाकरी असली की तिच्यावर चटणी लागायचीच. तुझ्या हाताला चटणीची चव आहे, तीच धर.

दोन किलो मिरचीनं सुरुवात कर. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. ऊन दाखव, देठ काढ आणि मग पुन्हा वजन कर. आणलेल्या किलोवर भाव काढशील तर फसशील. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मिरचीचा हिशेबही असाच उरलेल्या वजनावर मांडायचा. चटणीत घालायचा कांदा कोरडा होईपर्यंत परत, ओल राहिली की बुरशी आलीच. खोबरं खवट होतं, म्हणून महिन्याला खपेल एवढंच कर.

मिरची कुटायचा डंक विकत घेऊ नकोस. किलोमागं पैसे देऊन कुटून आण. कुटाईचे पैसे कर्जाच्या हप्त्याएवढे व्हायला लागले, की मग बचत गटात विषय काढ.

आता खरं सांगते ते नीट ऐक. बेदाणा निवडायला शेडवर गेलीस तर संध्याकाळी हजेरी मागतेस. मग घरात दिवसभर देठ काढलेस, त्याची हजेरी कुठं गेली? मी तरुणपणी शेवया करून विकल्या. गहू धरला, दळण धरलं, स्वतःचे हात धरले नाहीत. दोन उन्हाळे बायका म्हणायच्या, किती स्वस्त देते! तिसऱ्या उन्हाळ्यात पाठ धरली. मदतीला बाई लावावी म्हटलं, तर तिला द्यायला काही उरतच नव्हतं, कारण भावात मजुरी कधी नव्हतीच. भाव वाढवला, गिऱ्हाइकं तुटली, धंदा बसला. उलट मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्याचंच पुढं लिज्जत झालं. तिथं लाटणाऱ्या बाईला किलोमागं लाटणावळ मिळते. ती कुणावर उपकार म्हणून लाटत नाही, तूही कुटू नकोस. मिरची, कांदा, खोबरं, तेल, मीठ, कुटाई, पिशवी, जाण्यायेण्याचं भाडं आणि तुझी हजेरी, एवढं सगळं बेरजेत आलं की मग नफा धर.

भावकीत चव बघायला वाटीभर दे, पाव किलो मात्र रोखीनं. उधारी मागायला गेलं की नातंही जातं आणि पैसाही. चटणीच्या पैशाला वेगळा डबा कर. त्यातून भाजी आणायची नाही, पोराची फीसुद्धा भरायची नाही. घरात लागलंच तर तुझ्या हजेरीचे पैसे काढ, मिरचीचे तिथंच राहू देत.

गिऱ्हाईक गावातच शोधत बसू नकोस. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात पार तमिळनाडू, केरळपर्यंत गेलेली आपली माणसं जत्रेला, दिवाळीला गावी येतात. परत जाताना त्यांना घरची चटणी हवी असते. पुण्याला शिकणाऱ्या पोरांचंही तसंच. त्यांच्या आयांना आधी विचार, किती हवी ते लिहून घे, मग कूट. विकायला लागण्याआधीच अन्नसुरक्षेची नोंदणी काढ. तिचा १४ आकडी नंबर आणि केल्याची तारीख पाकिटावर घाल. कागदाला टाळाटाळ नको, खाणाऱ्याचा विश्वास त्यावर आहे.

सहा महिने असं चालवून बघ. वहीत हजेरी निघत नसेल तर चटणी बंद कर आणि शेडवर जा, त्यात कमीपणा नाही.

उद्या बाजारातून दोन किलो मिरची आण. देठ काढायला मी बसते. माझीही हजेरी लिही.