फिलिप्पै येथील दासी
शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १६ : १६-२४

या धड्यांतील मुलीचें नांव लूकानें दिलेलें नाहीं. ती फिलिप्पै नगरांतील एक दासी होती. तिचे धनी एक नव्हे, अनेक होते, आणि तिच्या शकुन सांगण्यावर त्यांस पुष्कळ मिळकत होत असे. मूळ ग्रीक शास्त्रांत तिला जो शब्द लाविला आहे, तोच बाराव्या अध्यायांत रुदा हिला लाविला आहे. रुदा ही मार्काची आई मरीया हिच्या घरची मोलकरीण. पेत्र दाराशीं आला आहे, असें तिनें सांगितलें तेव्हां घरचीं माणसें तिला वेडी म्हणालीं. फिलिप्पै येथें मात्र दासीचें बोलणें लोक पैसे देऊन ऐकत.

हें नगर सिकंदराचा बाप फिलिप्प यानें इ. स. पूर्वीं ३५६ या वर्षीं आपल्या नांवानें वसविलें. पुढें इ. स. पूर्वीं ४२ मध्यें तेथें मोठी लढाई झाल्यावर रोमी शिपायांस जमिनी देऊन तें रोमाची वसाहत करण्यांत आलें. आज ग्रीस देशाच्या उत्तर भागांत त्याचे केवळ अवशेष आहेत.

मुलीच्या अंगीं ‘पुथोनाचा आत्मा’ होता, असें मूळ शब्द सांगतात. पुथोन हा डेल्फी येथील सर्प. अपोल्लो दैवतानें त्यास मारिलें, अशी ग्रीक लोकांची कथा आहे. डेल्फीच्या देवळांत एक स्त्री तिवईवर बसून दैवताची म्हणून वाणी सांगे, आणि लढाईस निघण्यापूर्वीं राजेही तेथें कौल लावीत. फिलिप्पैच्या लोकांस ती वाणी आपल्याच गल्लींत मिळूं लागली; मग धन्यांस उणें काय?

ती पौल व सीला यांच्या मागें पुष्कळ दिवस ओरडत गेली. ती बोलली तें खोटें नव्हतें. हे परात्पर देवाचे दास आहेत, असेंच ती म्हणाली. पण विकत मिळणाऱ्या तोंडाची साक्ष पौलाला नको होती. येथें आम्हांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. पौलाला तिची दया आली, असें आपण धडा रंगवितांना सांगतों. लूक तसें लिहीत नाहीं. पौल त्रासून गेला, इतकेंच तो लिहितो. लूकानें जें झांकलें नाहीं, तें आपणही झांकूं नये.

पौलानें येशू ख्रिस्ताच्या नामानें आज्ञा केली, आणि त्याच घटकेस आत्मा ‘निघून गेला’. पुढच्याच ओवींत लूक तेंच क्रियापद पुन्हां घालतो : धन्यांच्या मिळकतीची आशा ‘निघून गेली’. आत्मा व आशा एकाच दारानें बाहेर पडलीं. मुलगी बरी झाली याचा आनंद त्या घरीं कोणास झाल्याचें दिसत नाहीं. धन्यांनीं पौल व सीला यांस चौकांत अधिकाऱ्यांपुढें ओढून नेलें. तेथें मात्र मिळकतीचें नांवही त्यांनीं काढिलें नाहीं. हे यहूदी आहेत, नगरांत गडबड करितात, आम्हां रोमी लोकांस न शोभणाऱ्या चाली शिकवितात, हीच त्यांची फिर्याद. पैशाचें दुखणें त्यांनीं धर्माच्या व देशाच्या वस्त्राखालीं लपविलें. इफिस येथें देमेत्रिय सोनारानें निदान आपल्या सोबत्यांस उघड सांगितलें कीं, या धंद्यावर आपलें पोट आहे. छड्या मात्र पौल व सीला यांस बसल्या, आणि खोड्यांत पायही त्यांचेच अडकले.

मुलीविषयीं लूक पुढें एक अक्षरही लिहीत नाहीं. तुरुंगाचा नायक घरच्या मंडळीसह बाप्तिस्मा पावला, बंधु लुदियेच्या घरीं जमले. ही दासी तेथें होती, असें कोठें लिहिलेलें नाहीं. कायद्यानें ती त्याच धन्यांची मालमत्ता होती, आणि आतां तिच्यावर मिळकत नव्हती.

वर्गास विचारावयाचे प्रश्न : दासीचें बोलणें खरें असून पौलानें तें कां थांबविलें? धन्यांनीं खरी तक्रार कां सांगितली नाहीं? आपल्या गांवीं एखाद्या मुलीच्या अंगांत येतें तेव्हां नारळ, तांदूळ व पैसे कोणाच्या घरीं जातात? आणि ती मुलगी उद्यां बरी झाली, तर तिला आपल्या घरीं ठेवून घेणारें कुटुंब मंडळींत कोणतें आहे?